आगगाडीने डेन्मार्क, आणि एक दुरुस्ती



मागच्या अंकात आम्ही सहलीचा वृत्तांत देण्याचे कबूल केले होते. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले की त्यातला निम्मा मजकूर भाषेच्या धड्याचाच आहे. म्हणून या वेळी ‘सहल’ आणि ‘धडा’ अशी दोन पाने न करता एकच लांबलचक लेख दिला आहे. मोठ्या गटाने तो स्वतः वाचावा. छोट्या गटाला घरच्यांनी वाचून दाखवावा. लेखाच्या शेवटी एक दुरुस्ती आहे. ती प्रत्येकाने आपल्या वहीत करायची आहे, कारण चूक तुमची नसून आमची आहे.

फिंग्स्टनच्या सुट्टीला जोडून आम्ही सतरा जण डेन्मार्कला गेलो : नऊ मुले, पाच पालक, आम्ही दोघे शिक्षक आणि सांगलीहून लेकीकडे आलेल्या एक आजी. आजींना जर्मन येत नाही, डॅनिश येण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे चार दिवस मुलांना मराठी बोलण्यावाचून गत्यंतर नव्हते. खरे सांगायचे तर सहलीतला हाच भाग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटत होता आणि नेमक्या त्याच भागात आमची फजिती झाली. ती पुढे येईल.

आधी देशाची ओळख. डेन्मार्कचे क्षेत्रफळ सुमारे ४३,००० चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचे ३,०७,७१३. म्हणजे आपल्या राज्यात असे सात देश मावतील. लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास. देशाचा एक मोठा भाग, युटलंड, जर्मनीला जोडलेला आहे आणि बाकी सगळी बेटे. ती चारशेंहून अधिक आहेत. डोंगर नाहीत म्हटले तरी चालेल. तिथली सर्वांत उंच नैसर्गिक जागा सुमारे १७१ मीटर. आपल्या कोलोनच्या कॅथेड्रलचे मनोरे १५७ मीटर उंच आहेत. म्हणजे कॅथेड्रलच्या टोकावर चार मजली घर ठेवले, की झाला डेन्मार्कपेक्षा उंच! हे ऐकून आजी म्हणाल्या, “मग आमचा दंडोबाचा डोंगर पाहून हे लोक घाबरतील की.”

डोंगर नसल्यामुळे रेल्वे बांधणे सोपे गेले असेल असे वाटते, पण तसे नाही. मुंबईहून पुण्याकडे जाताना रेल्वेला बोरघाट आडवा आला, तो १८६३ साली सर झाला. डेन्मार्कमध्ये घाटाऐवजी पाणी आडवे आले, आणि ते सर व्हायला १९९७ साल उजाडावे लागले.

सुरुवात मात्र दोन्हीकडे सारखीच झाली. आजच्या डेन्मार्कमधला पहिला लोहमार्ग १८४७ साली कोपनहेगन ते रोस्किले असा सुरू झाला, अंतर साधारण तीस किलोमीटर. आपली पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, अंतर ३४ किलोमीटर. फरक फक्त सहा वर्षांचा! मोठ्या गटातील एका मुलीने लगेच शंका काढली की १८४४ साली आल्टोना ते कील हा मार्ग डेन्मार्कच्या राजाच्याच अमलाखाली सुरू झाला होता, मग तो पहिला का नाही? शंका बरोबर आहे. पण आल्टोना आज हॅम्बुर्ग शहराचा भाग आहे. सीमा हलली की ‘पहिला’ कोण तेही हलते. म्हणूनच ‘आजच्या डेन्मार्कमधला’ हे दोन शब्द वर लिहिले आहेत.

आता प्रवास. कोलोनच्या मुख्य स्थानकातून गाडी सुटली की ती लगेच होहेनत्सोलर्न पुलावर येते. मागे कॅथेड्रल, खाली ऱ्हाईन, बाजूला कठड्याला लावलेली हजारो कुलपे. हॅम्बुर्गला साधारण चार तासांत पोचतो. तिथे गाडी बदलायची.

येथे थोडे व्याकरण. आमचा सगळा प्रवास एका वाक्यात असा सांगता येतो : “आम्ही कोलोनहून हॅम्बुर्गमार्गे ओडेन्सेला आगगाडीने गेलो.” जर्मनमध्ये यासाठी चार वेगळे शब्द लागतात आणि ते नामाच्या आधी येतात. मराठीत ‘हून’, ‘मार्गे’, ‘ला’, ‘ने’ हे चारही नामाच्या मागे जोडले जातात, इंजिनाला डबे जोडावेत तसे. काही नामांना डबा जोडताना थोडा धक्का बसतो आणि त्यांचे रूप बदलते : पूल, पण पुलावरून, बोगदा, पण बोगद्यातून, बेट, पण बेटावर. याला सामान्यरूप म्हणतात. आपल्या वर्गातील बहुतेकजण ‘पूलवरून’ आणि ‘बोगदामधून’ म्हणतात. चालत्या गाडीत खिडकीकडे बोट दाखवून रूपे पाठ करण्याचा खेळ आम्ही सुरू केला आणि तो अपेक्षेपेक्षा जास्त रंगला.

हॅम्बुर्गहून निघालेली कोपनहेगनची गाडी श्लेस्विग-होल्श्टाइनमधून उत्तरेला जाते. वाटेत रेन्ड्सबुर्गला एक गंमत आहे. तिथे कील कालवा आडवा येतो आणि त्यातून समुद्रावरची मोठी जहाजे जातात. त्यांची शिडे-डोलकाठ्या अडू नयेत म्हणून १९१३ साली बांधलेला रेल्वेपूल पाण्यापासून ४२ मीटर उंच ठेवला आहे. पण गावातले स्टेशन तर खाली जमिनीवर. मग गाडीला उंचीवरून खाली आणायला घरांभोवती एक पूर्ण वेटोळे घातले आहे. खिडकीतून आपण आत्ताच ओलांडलेला पूल पुन्हा दिसतो. मुलांनी विचारले, “भारतात असे उंच पूल आहेत का?” आहेत. कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळ पानवल नदीचा पूल आहे, तो ६४ मीटर उंच आहे.

पूर्वी हॅम्बुर्गहून कोपनहेगनला जायचा दुसरा रस्ता होता आणि आमच्यातले दोन पालक त्याने गेलेले आहेत. पुटगार्डन या बंदरात अख्खी आगगाडी बोटीच्या पोटात शिरत असे! रूळ थेट बोटीत गेलेले असत. गाडी आत उभी राहिली, की सर्व उताऱ्यांनी उतरून जिन्याने वर डेकवर जायचे, पाऊण तास समुद्राचा वारा खायचा आणि पलीकडे रोड्बी बंदर आले की पुन्हा आपल्या डब्यात येऊन बसायचे. १९६३ साली सुरू झालेला हा मार्ग आगगाड्यांसाठी डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाला. आता तिथे समुद्रतळावर सुमारे १८ किलोमीटरचा बोगदा बांधण्याचे काम चालू आहे. तो झाला की हॅम्बुर्ग ते कोपनहेगन हे अंतर अडीच तासांवर येईल असे सांगतात. सध्या युटलंडमधून वळसा घालून साडेचार-पाच तास लागतात. (हा ‘अडीच’ शब्द लक्षात ठेवा, त्याच्याशी आपले काम आहे.)

बोटीत आगगाडी ही कल्पना मुलांना इतकी आवडली की ती बंद झाल्याचे ऐकून ती हिरमुसली. मग आम्ही त्यांना कोकण रेल्वेवरची रो-रो सेवा सांगितली. तिथे १९९९ सालापासून मालाने भरलेले ट्रकच आगगाडीवर चढवतात आणि चालक आपल्या ट्रकमध्ये बसूनच कोकणातून प्रवास करतो. एका मुलाने विचारले, “ट्रक गाडीवर आणि गाडी बोटीवर, असे एकदम झाले आहे का?” आमच्याकडे उत्तर नव्हते.

सीमेवर पाडबोर्ग येते. पासपोर्ट हाताशी ठेवावा, तपासणी होऊ शकते. युरोही येथे संपला, पुढे क्रोनर. पाट्या मात्र अनोळखी वाटत नाहीत. ‘उडगांग’ म्हणजे बाहेर जायचा रस्ता, ‘आफगांग’ म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, ‘आनकॉम्स्ट’ म्हणजे येणाऱ्या. जर्मन येणाऱ्याला हे वाचता येते. ऐकताना मात्र काही कळत नाही, कारण डॅनिश माणूस निम्मी अक्षरे गिळतो. ओडेन्से हे नाव आम्ही चार दिवसांत पाच प्रकारे ऐकले.

फलाटावर ‘स्पोर’ आणि पुढे आकडा लिहिलेला असतो. हे जर्मनमधल्या ‘ग्लाइस’सारखेच. दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ रूळ. भारतात आपण फलाटाला नंबर देतो, येथे रुळाला देतात. त्यामुळे आजींच्या नातवाने हॅम्बुर्गला शब्दाला शब्द ठेवून सांगितले, “आजी, आपल्याला रूळ आठवर उभे राहायचे आहे.” आजी दोन पावले मागेच सरल्या. “अरे, जीव द्यायचा आहे का मला?” मराठीत म्हणावे, “आठ नंबरच्या फलाटावर.”

आणखी एक मजेदार शब्द : लागणे. “गाडी फलाटाला लागली” म्हणजे गाडी येऊन उभी राहिली. “मला गाडी लागते” म्हणजे प्रवासात मळमळते. एका पालकांनी “गाडी लागली!” अशी हाक दिली तेव्हा छोट्या गटातील एक मुलगी धावत प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. आणि ‘चुकणे’. जर्मनमध्ये ‘मी’ गाडी चुकवतो. मराठीत “माझी गाडी चुकली” असे म्हणतात, म्हणजे चूक गाडीचीच! ‘मी गाडी मिस केली’ असे कोणी म्हणू नये. इतका सोयीचा वाक्प्रचार हाताशी असताना दोष आपल्याकडे का घ्यावा?

डेन्मार्कच्या गाड्यांविषयी एक उपयोगी गोष्ट. पुष्कळ गाड्यांच्या तोंडाला काळ्या रबराची जाड चौकट असते, जणू टायरमध्ये तोंड घातले आहे. दोन गाड्या एकमेकींना जोडल्या की ही रबरे एकमेकांवर दाबून बसतात, मधली चालकाची खोली दाराप्रमाणे बाजूला वळते आणि एका गाडीतून दुसरीत चालत जाता येते. जोडणे सोपे तसे तोडणेही सोपे. म्हणून कोपनहेगनहून येणाऱ्या काही गाड्या युटलंडच्या तोंडाशी फ्रेडेरिसियाला तुटून दोन होतात. एक भाग उत्तरेला ऑर्हूसकडे जातो, दुसरा पश्चिमेला एस्बिएर्गकडे. आपल्याकडेही पूर्वी जंक्शनवर काही डबे तोडून दुसऱ्या गाडीला जोडत. जुन्या प्रवाशांना “आपला डबा कुठला?” हा प्रश्न तोंडपाठ असे. तो येथेही विचारावा. योग्य गाडीत, योग्य वेळी, पण चुकीच्या डब्यात बसणे येथे सहज शक्य आहे. ऑर्हूसला जाताना आमचे तिघे तसे बसले होते. फ्रेडेरिसिया येण्याआधी मोजणी केली म्हणून सापडले.

मुक्काम ओडेन्सेला होता. हे परीकथा लिहिणाऱ्या हान्स क्रिस्तियन अँडरसनचे जन्मगाव, जन्म १८०५. अँडरसनने पहिला आगगाडीचा प्रवास १८४० साली जर्मनीतच केला, माग्डेबुर्गहून लाइप्झिगला, आणि त्याचे वर्णनही लिहून ठेवले. तेव्हा त्याच्या स्वतःच्या देशात आगगाडी यायची होती. ओडेन्से स्थानकाला लागूनच डेन्मार्कचे रेल्वे संग्रहालय आहे, इंजिने ठेवण्याच्या जुन्या शेडमध्ये. ते पाहायला अर्धा दिवस हवा. आम्ही दीड तास ठेवला होता, ते कमी पडले.

आता ती फजिती.

तिसऱ्या दिवशी दुपारी ओडेन्सेहून कोपनहेगनला जायचे होते. गाडी पावणेचारच्या सुमारास. तिकिटे स्वस्तातली, म्हणजे त्याच गाडीला चालणारी, दुसरीला नाही. सकाळी सगळे पांगले. आजींचे गुडघे दुखत होते, म्हणून त्या स्थानकासमोरच्या राजाच्या बागेत बाकावर बसणार होत्या. बरोबर डबा, पाण्याची बाटली आणि एक पुस्तक. त्यांचा फोन येथे चालत नव्हता. मोठ्या गटाच्या मुलीने सर्वांना जर्मनमध्ये निरोप दिला, ‘हाल्ब फीअर’ला स्थानकावर. आजींना तो मराठीत सांगण्याचे काम त्यांच्या नातवाकडे, वय वर्षे दहा. त्याने तो सांगितला आणि तो संग्रहालयात पळाला.

साडेतीनला सोळाजण स्थानकावर हजर. आजी नाहीत. बागेत पाहून आलो, तिथेही नाहीत. त्यांची लेक एव्हाना पांढरीफटक पडली होती. परका देश, दोन्ही भाषा येत नाहीत, फोन नाही, गुडघे दुखतात. आम्ही मुलाला विचारले, “तू आजीला निरोप दिलास ना?” “हो. नक्की.” “काय सांगितलेस?” “साडेचार.”

क्षणभर कोणी बोलले नाही. मग सगळ्यांनाच उलगडा झाला. हाल्ब म्हणजे साडे, फीअर म्हणजे चार. साडेचार! त्याने एकही शब्द चुकवला नव्हता.

आठवड्याच्या बोलण्यात हा घोटाळा एरवी होत नाही, कारण पाटीवर आणि तिकिटावर १५:३० असेच छापलेले असते. घोटाळा बोलण्यात होतो आणि तोही फक्त दोन भाषांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीत. तो माणूस येथे दहा वर्षांचा होता. गाडी आली, उभी राहिली आणि आमच्यावाचून गेली. माझी गाडी चुकली, असे म्हणण्याची पाळी एकदम सोळा जणांवर आली. पालकांपैकी एकजण तिकिटांचे पैसे गेले म्हणून पुटपुटले, ते मुलाने ऐकले. तो फलाटाच्या टोकाला जाऊन उभा राहिला आणि आईला जर्मनमध्ये म्हणाला की यापुढे आपण मराठी बोलणार नाही, चुकीचे बोलण्यापेक्षा न बोललेले बरे.

हे वाक्य ऐकून आम्हा दोघांना जे वाटले ते येथे लिहीत नाही. आमच्या हातात वर्गाचीच फाइल होती. तिच्यात आम्हीच वाटलेले ‘किती वाजले?’ हे पान होते. त्यावर आमच्याच अक्षरात लिहिले होते : हाल्ब – साडे.

चार वाजून वीस मिनिटांनी आजी सावकाश चालत आल्या. बागेत ऊन आले म्हणून त्या पलीकडच्या चर्चमध्ये जाऊन बसल्या होत्या. सगळ्यांना पाहून म्हणाल्या, “मी दहा मिनिटे आधीच आले, तरी तुम्ही सगळे माझ्याआधी!” लेक रडू लागली. मग त्यांना सारे सांगितले.

नवी तिकिटे काढून पुढच्या गाडीत बसलो. आजींनी नातवाला खिडकीशी बसवले. समजूत वगैरे काही घातली नाही. विचारले, “अडीच म्हणजे किती?” तो गप्प. दुसरीच मुलगी म्हणाली, “दोन आणि अर्धा.” “मग त्याला साडेदोन का नाही म्हणत?” डब्यात कोणालाच सांगता येईना. आम्हालाही क्षणभर येईना. आजी म्हणाल्या, “आम्हाला शाळेत औटकी पाठ करायला लावत. औट म्हणजे साडेतीन. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. मास्तर छडी घेऊन उभे.”

घरी आल्यावर आम्ही पुस्तके काढून बसलो आणि जे सापडले ते असे. ‘अडीच’ हा शब्द संस्कृत ‘अर्धतृतीय’ यावरून आला आहे. म्हणजे ‘ज्यातला तिसरा अर्धा आहे’ : एक पूर्ण, दुसरा पूर्ण, तिसरा अर्धा. जर्मनमधले ‘हाल्ब ड्राय’ अगदी हेच सांगते. ‘औट’ आला आहे ‘अर्धचतुर्थ’ यावरून : तीन पूर्ण, चौथा अर्धा. म्हणजे ‘हाल्ब फीअर’चे शब्दशः मराठी भाषांतर आहेच आणि ते आहे ‘औट’! ‘दीड’ आला आहे ‘द्व्यर्ध’ यावरून, दुसरा अर्धा, आणि जर्मनमध्ये दीडला म्हणतात ‘आन्डरटहाल्ब’, त्यातही ‘आन्डर’ म्हणजे दुसरा. डॅनिशमध्ये ‘हाल्वआनन’, तेच.

‘साडे’ची गोष्ट वेगळी. तो आला ‘सार्ध’ यावरून, म्हणजे ‘अर्ध्यासह’. साडेचार म्हणजे चार आणि वर अर्धा. येथे मोजणी पूर्ण झालेल्या आकड्यापासून पुढे जाते, तिथे येणाऱ्या आकड्यापासून मागे येते. मराठीत दोन्ही रीती एकत्र नांदतात : दीड, अडीच, औट एका रीतीचे, आणि साडेतीनपासून पुढचे दुसऱ्या. साडेतीनपाशी दोन्ही रीती भेटतात, म्हणून त्या एका संख्येला दोन नावे आहेत. ‘औट’ आता बोलण्यात राहिलेला नाही, पण ‘औटघटकेचे राज्य’ हा वाक्प्रचार तुम्ही वाचला असेल. एक घटका म्हणजे २४ मिनिटे. साडेतीन घटका म्हणजे ८४ मिनिटे. तेवढेच टिकलेले राज्य, असा त्याचा अर्थ.

गाडीतच आणखी एक गंमत निघाली. शेजारी बसलेल्या डॅनिश बाईंनी ही चर्चा कशाबद्दल आहे म्हणून इंग्रजीत विचारले. सांगितल्यावर त्या हसू लागल्या. डॅनिशमध्ये पन्नासला ‘हाल्वट्रेस’ म्हणतात. हे एका लांब शब्दाचे छोटे रूप आहे आणि त्याचा अर्थ ‘अर्धा तिसरा गुणिले वीस’, म्हणजे अडीच विसा! साठ म्हणजे तीन विसा. सत्तर म्हणजे ‘हाल्वफियर्स’, अर्धा चौथा गुणिले वीस. आजी एकदम म्हणाल्या, “औट विसा सत्तर!” ऐंशी म्हणजे चार विसा, नव्वद म्हणजे अर्धा पाचवा गुणिले वीस, म्हणजे साडेचार विसा. आजींच्या लहानपणी बाजारात आंबे-नारळ मोजताना ‘विसा’ आणि ‘कोडी’ चालत असे, कोडी म्हणजे वीस. डॅनिश मुले पन्नास शिकताना बिचारी काय करत असतील असे आम्हाला वाटले. त्या बाई म्हणाल्या, कोणी अर्थाकडे पाहतच नाही, नुसते पाठ करतात.

तेवढ्यात मोठा बेल्ट आला. हे फ्यून आणि झेलंड या दोन बेटांमधले समुद्राचे पाणी. १९९७ पर्यंत येथेही आगगाडी बोटीत चढत असे आणि पार व्हायला तास लागे. आता गाडी आधी ६.६ किलोमीटरच्या पुलावरून स्प्रोगो नावाच्या चिमुकल्या बेटावर जाते आणि तिथून ८ किलोमीटरच्या बोगद्यातून समुद्राखालून झेलंडला निघते. (कोकण रेल्वेचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे.) नातू खिडकीबाहेर पाहत होता. बोगद्यात शिरताच खिडकीत काळोख झाला आणि काचेत त्याला आजी दिसल्या. तो हळूच म्हणाला, “पुलावरून... बेटावर... बोगद्यातून.” सामान्यरूपे तिन्ही बरोबर होती.

कोपनहेगनविषयी थोडक्यात लिहितो, कारण तिथे पाऊस होता. तिथून हेल्सिंगॉरला गाडीने पाऊण तास लागतो. तिथला क्रोनबोर्ग किल्ला म्हणजे शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधला राजवाडा. गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणले, ‘विकारविलसित’ या नावाने, १८८३ साली. किल्ल्यासमोर उभे राहून हे सांगताना आम्हाला बरे वाटले. दुसऱ्या बाजूला २००० साली झालेल्या पुलावरून आणि बोगद्यातून गाडी स्वीडनमधल्या माल्मोला जाते. त्यात विजेची एक अडचण होती. डेन्मार्कच्या रेल्वेच्या तारांत २५,००० व्होल्टची वीज असते, भारतातल्यासारखीच. जर्मनी आणि स्वीडनची पद्धत वेगळी, १५,००० व्होल्टची. म्हणून सीमा ओलांडणाऱ्या गाड्यांना दोन्ही विजा ‘पचवता’ याव्या लागतात. शिवाय डेन्मार्कमध्ये गाड्या उजवीकडून धावतात आणि स्वीडनमध्ये डावीकडून.

परतीच्या गाडीत आजींनी विचारले, “या लोकांचा आपल्याशी कधी काही संबंध आला होता का हो?” आला होता. तमिळनाडूतील तरंगंबाडी १६२० पासून १८४५ पर्यंत डॅनिश लोकांकडे होती. जवळच तंजावरला भोसल्यांचे मराठी राज्य होते. तरंगंबाडीच्या मिशनमध्ये आलेले श्वार्ट्झ हे जर्मन पाद्री तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांचे गुरू झाले. पुढे सरफोजींनी ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक लिहिले, त्यात भविष्य सांगणारी कुरवंजी चक्क जगाचा भूगोल सांगते. नाटकातून भूगोल शिकवणारा राजा! त्यावर वेगळा धडा होईल.

आता दुरुस्ती. ‘किती वाजले?’ या पानावरची ‘हाल्ब – साडे’ ही ओळ खोडा. तिच्या जागी लिहा : “हाल्ब ड्राय – अडीच. हाल्ब फीअर – साडेतीन (औट). हाल्ब फ्युन्फ – साडेचार. जर्मन आकड्यातून एक वजा करा, मग साडे लावा.” खाली एक ओळ जागा ठेवून ‘हाल्ब त्स्वाय’ आणि ‘हाल्ब आइन्स’ तुम्ही लिहा. पहिल्याला ‘साडे’ चालणार नाही. एकाला दीड आहे, दुसऱ्याला काय म्हणतात?

गृहपाठ मोठ्या गटाला : आपल्या आजीला किंवा आजोबांना फोन करून औटकी किंवा अडीचकी येते का ते विचारा. येत असल्यास दहापर्यंत लिहून घ्या, त्यांच्याच शब्दांत, सुधारणा न करता. फोनची वेळ ठरवताना ती मराठीत ठरवा. छोट्या गटाने पूल, बोगदा, बेट, फलाट, डबा, रूळ यांना ‘वर’, ‘तून’, ‘खाली’ जोडून सहा वाक्ये लिहावीत. आजींच्या नातवाने स्वतःची औटकी आधीच आणून दिली आहे. ती फळ्याशेजारी लावली आहे. त्यात सातव्या ओळीत एक चूक आहे, ती त्याची त्याला सापडेपर्यंत कोणी सांगू नये.